खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : मेटल हॅलाइड दिव्याची निवड

घरातील दिवाणखान्यात काचेच्या टाकीमागे समुद्राचा एक तुकडा उभा करण्याचा छंद मूळचा किनाऱ्याचा असला, तरी तो किनाऱ्यापुरता राहिलेला नाही. कृत्रिम मीठ, गाळणयंत्रे आणि प्रखर दिवे बाजारात आल्यापासून समुद्रापासून कितीही दूर असलेल्या गावात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवता येते. वाशिम जिल्हा समुद्रापासून सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथे असे मत्स्यालय मांडताना पहिला प्रश्न दिव्याचा येतो. जगभरातील छांदिष्टांनी अनेक वर्षे या कामासाठी मेटल हॅलाइड दिवा वापरला. सूर्यप्रकाशाशी सर्वांत जवळचा म्हणून त्याची ख्याती झाली. परंतु ही ख्याती मुख्यतः थंड देशांत तयार झालेली आहे. विदर्भातील उन्हाळा, विजेचा पुरवठा, पाण्याची टंचाई आणि प्रवाळांना मिळालेले कायद्याचे संरक्षण यांचा विचार केला, तर निवडीचा क्रम बदलतो. येथे दिवा किती उजेड देतो याआधी तो पाणी किती तापवतो आणि त्याखाली कोणता जीव ठेवता येतो हे पाहावे लागते.

प्रवाळाला दिवा कशासाठी?

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो जेलीफिशच्या गोत्रातील प्राणी आहे. मात्र उथळ समुद्रातील बहुसंख्य प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करते आणि तिचा मोठा भाग यजमान प्रवाळाला मिळतो. त्या बदल्यात शैवालाला आसरा आणि प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणारे नत्र व कर्बवायू मिळतात. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी बहुतांश ऊर्जा अशा प्रकारे उजेडातून येते. म्हणूनच माशांच्या टाकीत दिवा शोभेसाठी असतो, तर प्रवाळाच्या टाकीत तो अन्नच असतो.

हा उजेड डोळ्याने मोजता येत नाही. मानवी डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. शैवालाला निळा आणि काही प्रमाणात तांबडा प्रकाश उपयोगी पडतो. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते, निळा मात्र खोलवर पोहोचतो. त्यामुळे प्रकाशसंश्लेषणास उपयोगी उजेड 'पार' या मापाने, म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांच्या मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधातील भर दुपारच्या उन्हात हे मान सुमारे २००० असते. घरच्या टाकीत मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, मोठ्या मांसल तोंडाच्या कठीण प्रवाळांना १०० ते २००, आणि फांद्यांच्या लहान तोंडाच्या कठीण प्रवाळांना २५० ते ४०० इतका उजेड पुरेसा मानला जातो. दिव्याची निवड या आकड्यांवरून करायची असते, खोली किती लख्ख दिसते यावरून नव्हे.

मेटल हॅलाइड म्हणजे काय?

जिल्ह्याच्या बाजारपेठांत लग्नमंडपाचा, मैदानाचा किंवा दुकानाच्या दर्शनी भागाचा कोणताही प्रखर दिवा सरसकट 'हॅलोजन' या नावाने ओळखला जातो. मेटल हॅलाइड हा त्याहून वेगळा दिवा आहे. हॅलोजन दिव्यात तार तापून पिवळा उजेड पडतो. मेटल हॅलाइडमध्ये तारच नसते. क्वार्ट्झच्या किंवा चिनीमातीच्या छोट्या नळीत पारा, आर्गॉन वायू आणि काही धातूंची आयोडाइड वा ब्रोमाइड संयुगे भरलेली असतात. नळीच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटते, पारा व संयुगे वाफ होतात आणि त्या धातूंच्या वाफेतून प्रकाश बाहेर पडतो. कोणते धातू किती प्रमाणात भरले यावर त्या प्रकाशाचा रंग ठरतो.

पाऱ्याच्या दिव्यात अशी संयुगे मिसळण्याच्या कल्पनेचे एकस्व चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १९१२ मध्ये घेतले होते. व्यवहारात टिकणारा दिवा मात्र १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील गिल्बर्ट रेलिंग यांच्या कामातून तयार झाला. रस्ते, कारखाने, क्रीडांगणे यांसाठी बनलेला हा दिवा पुढे मत्स्यालयांच्या छांदिष्टांनी उचलला. त्याला कारण असे की, त्याचा उजेड एका छोट्या बिंदूतून निघतो. त्यामुळे तो पाण्यात खोल जातो आणि लाटांच्या हालचालीने तळावर उजेडाच्या सरकत्या रेषा उमटतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात हा देखावा मिळत नाही.

आधी कायदा, मग दिवा

भारतात प्रवाळाच्या टाकीचा विचार कायद्यापासून सुरू करावा लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे, तेच या प्राण्यांना मिळाले. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही महाकाय शिंपले हेही संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, अनुसूचींची फेररचना झाली आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद झाली.

'हा तुकडा परदेशातून आला आहे' असे विक्रेत्याने सांगितल्याने प्रश्न मिटत नाही. कठीण प्रवाळ हे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीत आली आणि तिचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. 'जिवंत खडक' म्हणून विकला जाणारा सच्छिद्र दगडही बहुधा मृत प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी चिनीमातीचे कृत्रिम खडक वापरणे श्रेयस्कर. मऊ प्रवाळ, मशरूम आणि झोअँथस हे २००१ च्या त्या नोंदीत नव्हते. तरीही कोणताही जीव विकत घेण्याआधी चालू अनुसूची पाहणे, त्याच्या मुळाचा कागद मागणे आणि शंका असल्यास वन विभागाकडून खात्री करून घेणे आवश्यक आहे.

या तरतुदींचा दिव्याशी थेट संबंध आहे. २५० किंवा ४०० वॅटचे मेटल हॅलाइड ज्यांच्यासाठी घेतले जाते, ते फांद्यांचे कठीण प्रवाळ भारतातील सामान्य घरात ठेवता येत नाहीत. मग त्यांच्या मापाचा दिवा घेण्याचेही प्रयोजन राहत नाही. केवळ समुद्री मासे ठेवायचे असतील, तर मेटल हॅलाइडची मुळीच गरज नाही. कायद्याने मोकळे असलेले, मऊ शरीराचे आणि प्रकाशावर जगणारे जीव ठेवायचे असतील, तर कमी वॅटचा दिवा पुरतो. महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचेच असतील, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ, १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात ते त्यांच्या मूळ जागी आहेत.

वॅट, खोली आणि लांबी

मत्स्यालयासाठी ७०, १५०, २५० आणि ४०० वॅट या मापांचे मेटल हॅलाइड दिवे प्रचलित झाले. एक दिवा सर्वसाधारणपणे दोन फूट लांब व दोन फूट रुंद इतक्या जागेवर नीट उजेड टाकतो. त्यामुळे चार फूट लांबीच्या टाकीला दोन दिवे लागतात. खोलीचा ठोकताळा असा : सुमारे दीड फूट पाण्यापर्यंत १५० वॅट, दोन फुटांपर्यंत २५० वॅट आणि अडीच फूट वा अधिक खोलीस ४०० वॅट. हा ठोकताळा अधिक उजेड मागणाऱ्या जिवांना धरून आहे. मऊ जिवांसाठी एक पायरी खाली उतरण्यास हरकत नाही. दीड फूट खोल व दोन फूट लांब टाकीवर ७० वॅटचा एक दिवाही पुष्कळदा पुरतो.

दिव्याइतकेच महत्त्व परावर्तकाला आहे. ज्योतीचा उजेड सर्व दिशांना जातो. वर व बाजूंना जाणारा उजेड खाली वळवणारा चकचकीत ॲल्युमिनियमचा परावर्तक चांगला असेल, तर १५० वॅटचा दिवा साध्या पत्र्याखालच्या २५० वॅटच्या दिव्याला जवळ जवळ गाठतो. वीज आणि उष्णता दोन्हींची बचत करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दिवा पाण्यापासून आठ ते बारा इंच वर टांगावा. त्याहून खाली आणल्यास एका जागी उजेडाचा चटका बसतो, काचेवर खारे शिंतोडे उडतात आणि पाणी अधिक तापते.

दिव्याचे दोन प्रकार आहेत. एका टोकाला मोठी चुडी असलेल्या दिव्याभोवती बाहेरचे काचेचे आवरण असते आणि ते घातक अतिनील किरण अडवते. दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या दिव्याला बहुधा असे पुरेसे आवरण नसते. म्हणून तो कठीण केलेल्या काचेच्या झाकणाशिवाय कधीही लावू नये. बाहेरचे आवरण फुटूनही आतली नळी पेटती राहू शकते. तसा दिवा तात्काळ बंद करावा; त्याच्या किरणांनी डोळ्यांना व त्वचेला इजा होते.

रंगाचा आकडा

दिव्याच्या रंगाचे मान केल्विनमध्ये दिलेले असते. ६५०० केल्विनचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, किंचित पिवळसर भासतो. १०,००० केल्विनचा स्वच्छ पांढरा, १४,००० चा निळसर पांढरा आणि २०,००० चा गर्द निळा दिसतो. आकडा वाढला म्हणजे उजेड वाढला, असा समज करून घेऊ नये. त्याच वॅटचा २०,००० केल्विनचा दिवा बहुधा १०,००० केल्विनच्या दिव्याहून कमी 'पार' देतो. त्याने केवळ रंग खुलून दिसतात. वाढ आणि रंग यांचा समतोल साधण्यासाठी १०,००० ते १४,००० केल्विनचा पल्ला सोयीचा ठरतो.

विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारे मेटल हॅलाइड दिवे मुख्यतः दुकाने, गोदामे व मैदानांसाठी असतात आणि त्यांचा रंग बहुधा ४००० केल्विनच्या आसपास असतो. ते स्वस्त असले तरी खाऱ्या टाकीसाठी अयोग्य आहेत. त्यांच्या उजेडात पाणी पिवळट दिसते आणि नको असलेले हिरवे-तपकिरी शेवाळ फोफावते. गोड्या पाण्यातील वनस्पतींच्या टाकीसाठी मात्र ६५०० केल्विनचा दिवा उत्तम आहे.

उष्णतेचा हिशेब

प्रवाळाच्या टाकीचे पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे, असा सर्वमान्य संकेत आहे. निसर्गात उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या बेटांभोवती १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले. जे अथांग समुद्रात घडते, ते अडीचशे लिटरच्या टाकीत एका दुपारीही घडू शकते.

वाशिममध्ये मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा दिवसांत बंद खोलीतील हवाच प्रवाळाच्या मर्यादेबाहेर असते. त्यात दिव्याची भर पडते. दिव्याने घेतलेली जवळ जवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते. पाण्यात शिरलेला उजेडही शोषला जाऊन पाणी तापवतो.

चार फूट लांब, अडीचशे लिटर पाण्याची टाकी घेतली, तर तिचे पाणी एक अंशाने तापण्यास सुमारे ०.२९ युनिट ऊर्जा लागते. तिच्यावर २५० वॅटचे दोन दिवे आठ तास लावले, तर चार युनिट वीज जळते. त्यातील निम्मी उष्णता पाण्यात गेली आणि मुळीच बाहेर पडली नाही, असे धरल्यास पाणी सुमारे सात अंशांनी तापेल. १५० वॅटच्या दोन दिव्यांसाठी हाच आकडा सुमारे चार अंश येतो. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते, म्हणून वाढ याहून कमी असते. पण खोलीच ३५ अंशांवर असेल, तर उष्णतेला बाहेर जाण्यास वाटच उरत नाही.

येथे विदर्भाची कोरडी हवा मदतीला येते. वाळ्याच्या ताट्या आणि घरोघरचे कूलर ज्या तत्त्वावर चालतात, तेच तत्त्व टाकीलाही लागू पडते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवन वाढते आणि प्रत्येक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता निघून जाते. १५० वॅटच्या दोन दिव्यांनी पाण्यात आणलेली १.२ युनिट उष्णता काढण्यास रोज सुमारे पावणेदोन लिटर पाणी उडून जावे लागते. हवा ४० अंश व तिची आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी सिद्धांततः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. पावसाळ्यात मात्र हा उपाय दुबळा होतो. हवा ३० अंश व आर्द्रता ८० टक्के असेल, तर ही खालची मर्यादाच २७ अंश असते आणि दिव्याच्या उष्णतेला काही जागा राहत नाही. म्हणून मे महिन्यात पंख्यावर निभावलेली टाकी जुलैत धोक्यात येऊ शकते. खोलीत कूलर चालू असेल, तर खिडकी उघडी ठेवून दमट हवा बाहेर काढणेही आवश्यक असते.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, क्षारमुक्त पाण्याने घालावी लागते. दक्खनच्या काळ्या पाषाणातील विंधन विहिरींचे पाणी जड असते. ते तसेच ओतल्यास टाकीत क्षार साठत जातात. म्हणजे आरओ यंत्र आले, आणि त्याबरोबर वाया जाणारे पाणीही आले. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात अनेक गावे पाण्यासाठी वणवण करतात, तेथे ही बाब क्षुल्लक नाही. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी धुण्याभांड्यासाठी वा झाडांसाठी साठवावे. आणि मुळात कमी उष्णतेचा दिवा घेतल्यास ही गरजच कमी होते. रिसोडहून जवळ असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारे असले तरी ते अतिशय अल्कधर्मी आहे. समुद्राच्या पाण्याशी त्याचे साम्य नाही, आणि संरक्षित स्थळाचे पाणी उचलण्याचा विचारही करू नये.

पाणी थंड करणारे चिलर यंत्र हा खात्रीचा, पण महाग उपाय आहे. ते टाकीतील उष्णता काढून त्याच खोलीत सोडते. म्हणून त्याची गरम हवा बाहेर जाईल, अशी मांडणी हवी.

एक सोपा उपाय मात्र फुकट आहे. दिवा दुपारी लावलाच पाहिजे, असे नाही. टाकीतील जिवांना नियमित आठ-नऊ तासांचा उजेड हवा असतो. तो घड्याळात केव्हा पडतो, याने फरक पडत नाही. उन्हाळ्यात सायंकाळी सहा ते पहाटे दोन अशी वेळ टायमरने बांधून दिली, तर दिवसाची उष्णता आणि दिव्याची उष्णता एकाच वेळी टाकीवर येत नाहीत. वेळ बदलताना रोज थोडी थोडी सरकवावी.

वीज, बॅलास्ट आणि सुरक्षितता

मेटल हॅलाइड दिवा थेट विजेवर चालत नाही. त्याला बॅलास्ट लागतो. ज्योत पेटवण्यासाठी काही हजार व्होल्टचा क्षणिक धक्का द्यावा लागतो आणि पेटल्यावर प्रवाह आवरून धरावा लागतो. बॅलास्ट त्या दिव्याच्या वॅटचा व प्रकाराचा नसेल, तर दिवा पेटत नाही, लुकलुकतो किंवा लवकर जळतो. परदेशातील नातेवाइकांकडून जुना संच आणवताना हे विशेष तपासावे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची असते, भारतातील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची. तेथील चुंबकीय बॅलास्ट येथे चालत नाही. इलेक्ट्रॉनिक बॅलास्टवर दोन्ही व्होल्टेजची नोंद असेल, तरच तो घ्यावा.

वीज गेल्यावर या दिव्याचा एक दोष ठळकपणे जाणवतो. विझलेला गरम दिवा लगेच पुन्हा पेटत नाही. नळी थंड होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. वादळी पावसात वीज वारंवार ये-जा करत असेल, तर प्रत्येक प्रयत्नाने दिव्याचे आयुष्य घटते. अशा वेळी वीज आल्यावर पंधरा मिनिटांनी जोडणी करणारे विलंब-स्विच लावणे हितावह आहे.

घरगुती इन्व्हर्टरवर हा दिवा चालवू नये. तशी गरजही नाही. वीज गेल्यावर टाकीला उजेडाची नव्हे, प्राणवायूची निकड असते. प्रवाळ व त्यांच्यासारखे जीव एक-दोन दिवस अंधारात राहू शकतात. पण पाणी फिरणे थांबले, तर मासे काही तासांत गुदमरू लागतात, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून इन्व्हर्टरची शक्ती हवेचा व पाणी फिरवणारा पंप आणि पृष्ठभागावरील पंखा यांच्यासाठी राखून ठेवावी.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या सर्व उपकरणांना खरे अर्थिंग हवे आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळती-संरक्षक स्विच हवे. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकते. बॅलास्ट टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नये. तो तापतो आणि खाऱ्या वाफेने गंजतो. लाकडी छतापासून व पडद्यांपासून दिवा दूर असावा.

आयुष्य आणि विल्हेवाट

मेटल हॅलाइड दिवा विझण्याच्या बराच आधी निकामी होतो. रोज आठ-नऊ तास वापरल्यास दहा ते बारा महिन्यांत त्याचा उजेड घटतो आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. डोळ्याला हा बदल कळत नाही, टाकीतील जिवांना कळतो. नवा दिवा बसवला की उलटा धोका असतो. अचानक वाढलेल्या उजेडाने जीव भाजतात. म्हणून नव्या दिव्याची सुरुवात रोज तीन-चार तासांनी करावी आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वेळेवर यावे. काचेच्या झाकणावर साठणारे मिठाचे पापुद्रे आठवड्यातून एकदा, दिवा थंड असताना, ओल्या फडक्याने पुसावेत. क्वार्ट्झच्या नळीला उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये. बोटांवरच्या तेलकट डागाने ती तापून तडकू शकते.

प्रत्येक दिव्यात पारा असतो. जुना दिवा फोडून उकिरड्यावर टाकल्यास तो पारा माती आणि पाण्यात जातो. पारायुक्त दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत मोडतात. त्यामुळे ते जुन्या खोक्यात घालून ई-कचरा संकलनाकडे देणे हाच योग्य मार्ग आहे.

एलईडीशी तुलना

मेटल हॅलाइडचा मत्स्यालयातील सुवर्णकाळ आता संपला आहे. एलईडी दिव्यांनी त्याची जागा घेतली असून मत्स्यालयाच्या रंगाचे नवे मेटल हॅलाइड दिवे व बॅलास्ट मिळणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. घेतलाच, तर पुढील दोन-तीन वर्षांचे दिवे मिळतील याची खात्री करूनच संच घ्यावा.

विजेचा फरकही बोलका आहे. बॅलास्टमधील नुकसान धरून २५० वॅटचे दोन दिवे रोज आठ तास लावल्यास महिन्याला सुमारे १३५ युनिट वीज लागते. १५० वॅटच्या दोन दिव्यांना सुमारे ८२ युनिट लागतात. तेवढ्याच टाकीवर एकूण १५० वॅटचे एलईडी लावल्यास सुमारे ३६ युनिट पुरतात, आणि ते उन्हाळ्यात मंदही करता येतात. एलईडी अगदीच थंड असतो, हा समज चुकीचा आहे. त्याची उष्णता पाठीमागच्या धातूच्या पंख्यांतून वर जाते, खाली पाण्यावर कमी येते, एवढाच त्याचा गुण. पण वाशिमसारख्या ठिकाणी तोच निर्णायक ठरतो. मेटल हॅलाइडच्या बाजूने एक गोष्ट निश्चित आहे. त्याचा उजेड सलग, नैसर्गिक आणि सर्वत्र सारखा मिसळलेला असतो. स्वस्त एलईडीत रंगांचे वेगवेगळे ठिपके पडतात आणि काही जागी उजेड फार तीव्र होतो. म्हणून एलईडीतही 'पार' चे आकडे देणाऱ्या उत्पादकाचाच दिवा निवडावा.

निवडीचा क्रम

दुकानात जाण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. कोणते जीव ठेवायचे आणि ते कायद्याने ठेवता येतात काय? त्यांना किती 'पार' हवा? टाकी किती खोल व किती लांब आहे? मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांत, दिवा न लावता, टाकीचे पाणी किती अंशांवर राहते? आणि वीज गेल्यावर पंप किती तास चालेल?

यांपैकी चौथ्या प्रश्नाचे उत्तर दहा रुपयांच्या वहीत मिळते. टाकीत आधी नुसते पाणी भरून, पंप सुरू ठेवून, एक उन्हाळा व एक पावसाळा रोज दुपारी आणि रात्री तापमान टिपून ठेवावे. दिव्याविना पाणी २८ अंशांच्या वर जात असेल, तर त्या खोलीत चिलरशिवाय मेटल हॅलाइड लावू नये, मग तो कितीही वॅटचा असो. २५ अंशांच्या आत राहत असेल, तर १५० वॅटचा, १०,००० ते १४,००० केल्विनचा, चांगल्या परावर्तकाचा दिवा पंख्याच्या साह्याने चालू शकतो. मधल्या दोन-तीन अंशांच्या पट्ट्यात एलईडी हाच विवेकाचा पर्याय आहे.

ज्यांच्याकडे जुना मेटल हॅलाइड संच पडून आहे, त्यांनी तो टाकून देण्याचे कारण नाही. ६५०० केल्विनचा दिवा बसवून त्याखाली गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी फुलवता येते. तेथेही पाण्याची नोंद ठेवावी लागते; पण पुष्कळशा वनस्पती व मासे २८ अंश सहज सोसतात, पाणी नळाचे चालते आणि कायद्याचा अडसर सहसा येत नाही. खाऱ्या टाकीत मात्र दिवा हा शेवटी घ्यायचा असतो. जीव, पाणी, तापमान आणि वीज यांची उत्तरे मिळाली की दिव्याचे माप आपोआप ठरते. ती मिळण्याआधी घेतलेला प्रखर दिवा टाकीतल्या जिवांच्या मुळावर येतो.